थिओफिल हान्सन: माणूस कोपनहेगनचा, इमारती अथेन्स आणि व्हिएन्नात. हे जमलं कसं?

तिरफळ

कुठल्या विभागात टाकायचं कळेना म्हणून इथेच टाकतोय, अ‍ॅडमिनना वाटलं तर हलवा.

दर एक जानेवारीला व्हिएन्नाच्या त्या सोनेरी हॉलमधली न्यू इयर कॉन्सर्ट आमच्याकडे लागते म्हणजे लागतेच. बाबा झुबिन मेहतांचे भक्त, त्यांनी ती पाच वेळा कंडक्ट केली (१९९०, ९५, ९८, २००७ आणि २०१५) हे घरात सगळ्यांना पाठ आहे. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, मी आपला छत आणि भिंतीलगत उभ्या असलेल्या सोनेरी बायका बघत बसतो. यावेळी सहज शोधलं की हा हॉल बांधला कोणी, तर नाव निघालं थिओफिल हान्सन, जन्म १८१३, कोपनहेगन. बरं म्हटलं. मग कळलं की व्हिएन्नाचं पार्लमेंट पण ह्याचंच. आणि अथेन्समधली ती पांढरीशुभ्र अ‍ॅकॅडमी, उंच खांबांवर अथीना आणि अपोलो उभे आहेत ती, तीही ह्याचीच!! ती मी दोन हजार वर्षं जुन्या कशाची तरी डागडुजी समजून फोटो काढून आलो होतो.

तर प्रश्न असे की डेन्मार्कचा पोरगा ग्रीसमध्ये ग्रीक पद्धतीच्या इमारती बांधायला पोचतो कसा, त्याला तिथे कोण काम देतं, आणि मग ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या राजधानीत इतकी कामं कशी मिळतात. आणि खरं सांगा, हे सगळं ओरिजिनल आहे का नुसती जुन्या देवळांची कॉपी? मे महिन्यात कामानिमित्त व्हिएन्नाला जातोय, दोन दिवस मोकळे मिळतील, तर काय बघू तेही सांगा.

ओसरी

वा, आवडता विषय काढलात. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

थिओफिलची गोष्ट सुरू होते त्याच्या थोरल्या भावापासून. ख्रिश्चन हान्सन, १८०३ चा, म्हणजे दहा वर्षांनी मोठा, तोही आर्किटेक्ट. १८३३ मध्ये तो अथेन्सला पोचला आणि तिथेच अडकला. तेव्हाचं अथेन्स म्हणजे तुर्कांशी झालेल्या लढायांत उद्ध्वस्त झालेलं छोटंसं गाव, पण ग्रीस नुकताच स्वतंत्र झालेला, राजा म्हणून बव्हेरियाचा ओटो नावाचा कोवळा राजपुत्र आणून बसवलेला, आणि १८३४ मध्ये ह्या गावाला राजधानी केलं. म्हणजे राजवाडा पाहिजे, टांकसाळ पाहिजे, विद्यापीठ पाहिजे, रस्ते पाहिजेत, आणि हे करू शकणारी शिकलेली माणसं हाताच्या बोटावर. ख्रिश्चन दरबारी आर्किटेक्ट झाला. त्याआधीचं बहुतेक शिक्षण पुस्तकांतल्या चित्रांवरून, इथे त्याला अथीनाचं ते जुनं मोठं देऊळ, खरा पार्थेनॉन, रोज समोर. अक्रोपोलिसवर, म्हणजे अथेन्सच्या जुन्या देवळांच्या टेकडीवर, अथीना नाइकीचं छोटं देऊळ आहे ना, ते तुर्कांनी सतराव्या शतकात पाडून त्याचे दगड तोफांच्या बुरुजात चिणले होते. १८३५-३६ मध्ये लुडविग रॉस, शाउबर्ट आणि हा ख्रिश्चन, तिघांनी बुरुज उकलून एकेक दगड ओळखून देऊळ परत उभं केलं. मला वाटतं हान्सन भावांचं ग्रीक शिक्षण हे असं झालं, एकेक दगड हाताळून.

थिओफिल कोपनहेगनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीत शिकला, मग स्कॉलरशिप मिळाली, बर्लिनला शिंकेल ह्या नावाजलेल्या आर्किटेक्टचं काम बघून, इटली करून १८३८ मध्ये भावाकडे अथेन्सला आला. काही महिने राहून पुढे जायचं तर आठ वर्षं राहिला. अवशेषांची मापं घेतली, शिकवलं, आणि हळूहळू स्वतःची कामं मिळायला लागली. पहिलं मोठं काम म्हणजे वेधशाळा, अक्रोपोलिससमोरच्या अप्सरांच्या टेकडीवर. कोनशिला बसवली १८४२ मध्ये, नेमक्या सूर्यग्रहणाच्या दिवशी, आणि इमारतीचा आराखडा क्रॉससारखा, चार हात चार दिशांना. वेधशाळेला ह्याहून चांगला मुहूर्त कुठला! (आपल्याकडे ग्रहणात कोनशिला म्हटलं असतं तर आजीने घराबाहेर काढलं असतं.)

आता पैशाचं. वेधशाळेचे पैसे दिले जॉर्ज सिना नावाच्या बॅरननी. हा ग्रीक वंशाचा सावकार, पण राहायला व्हिएन्नात, तिथला ग्रीसचा कॉन्सल (सरकारी प्रतिनिधी) पण तोच. बुडापेस्टच्या प्रसिद्ध साखळीपुलातही ह्याचा पैसा आहे. हे नाव लक्षात ठेवा, कारण तिरफळ, तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर ह्या एका घराण्यात आहे.

१८४३ च्या सप्टेंबरात अथेन्समध्ये उठाव झाला, ओटोला राज्यघटना मान्य करावी लागली आणि सरकारी नोकऱ्यांतून परदेशी लोकांना काढून टाकलं, त्यात थिओफिलची शिकवायची नोकरी गेली. वेधशाळा १८४६ मध्ये पुरी झाली आणि त्याच वर्षी व्हिएन्नाहून लुडविग फ्योर्स्टरनी बोलावलं. फ्योर्स्टर मोठं प्रस्थ, स्वतः आर्किटेक्ट आणि बांधकामावरच्या त्या काळच्या नावाजलेल्या मासिकाचा संपादक. त्याच्याकडे भागीदार म्हणून लागला, त्याच्या मुलीशी सोफीशी लग्न केलं, आणि भागीदारी १८५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मोडली. तोवर पाय रोवले गेले होते.

मग १८५७ च्या डिसेंबरात बादशहा फ्रान्झ योझेफनी हुकूम काढला की व्हिएन्नाची जुनी तटबंदी पाडा आणि तिथे गोल मोठा रस्ता करा. तीच ती रिंगस्ट्रासे. तट आणि तटासमोरचं मोकळं मैदान, एवढी जागा राजधानीच्या अगदी पोटात एकदम मोकळी झाली, प्लॉट विकून जो पैसा आला त्यातून सरकारी इमारती. आर्किटेक्टच्या आयुष्यात असा योग शंभर वर्षांत एकदा येतो आणि हान्सन तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा, अनुभवी, ओळखी असलेला. उरलेलं संध्याकाळी लिहितो.

पाऊणशहाणा

ओसरी छान लिहिताय पण थोडं दुसऱ्या बाजूनेही बघू की. मी व्हिएन्नात ते पार्लमेंट पाहिलंय, भव्य आहे, नाही म्हणत नाही, पण मला ते नाटकाच्या सेटसारखं वाटलं. ऐका का ते. एकाच पट्ट्यात पार्लमेंट ग्रीक, शेजारी टाऊन हॉल गॉथिक, पलीकडे युनिव्हर्सिटी रेनेसाँस. लोकशाही म्हटली की ग्रीक खांब लावा, नगरपालिका म्हटली की मध्ययुगीन मनोरा लावा, विद्या म्हटली की इटली. कपाटातून प्रसंगानुसार कपडे काढल्यासारखं. आणि लोकशाही तरी कुठली, १८८३ मध्ये हे पार्लमेंट उघडलं तेव्हा मतदान उत्पन्न आणि वर्ग बघून होतं, सगळ्या पुरुषांना मत मिळालं १९०७ मध्ये आणि बायकांना तर साम्राज्य बुडाल्यावर. म्हणजे अथेन्सचा मुखवटा आणि आत हाब्सबुर्ग राजघराणं.

आणखी एक. हाच हान्सन त्याआधी काय करत होता? १८४८ च्या क्रांतीत व्हिएन्नाच्या लोकांनी शस्त्रागार फोडलं, म्हणून बादशहाने शहराबाहेर अवाढव्य आर्सेनल बांधलं, बराकी, कारखाने, तोफा, पुढच्या वेळी लोक उठले तर कामाला येईल म्हणून. त्यातलं लष्करी म्युझियम (१८५० ते ५६) हान्सनचं, लाल-पिवळ्या विटांचं, बायझंटाइन (जुन्या पूर्व रोमन साम्राज्याच्या) ढंगाचं, घुमटबिमट. म्हणजे साहेबांना तत्त्व वगैरे काही नव्हतं, गिऱ्हाईक मागेल ते. ग्रीकही आणि बायझंटाइनही.

व्हिएन्नातला जुना विनोद आहेच, पार्लमेंटसमोर अथीनाचा मोठा पुतळा आहे आणि तिने पाठ पार्लमेंटकडे केलीय. ज्ञानदेवता बाहेरच उभी राहिली म्हणतात!

साउंडचेक

आर्किटेक्चर माझा प्रांत नाही, पण हॉलबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही कारण आमच्या धंद्यात म्युझिकफेराइनचा मोठा हॉल (तोच तुमचा सोनेरी) म्हणजे काशी आहे.

मापं बघा. लांबी साधारण ४९ मीटर, रुंदी १९, उंची जेमतेम १८. सरळ बुटांच्या खोक्याचा आकार, आम्ही त्याला शूबॉक्सच म्हणतो. अरुंद असल्यामुळे आवाज बाजूच्या भिंतींवर आपटून कानाशी लगेच येतो, समोरून येणाऱ्या आवाजाच्या मागोमाग, आणि त्यामुळेच ऐकणाऱ्याला आवाज चहूबाजूंनी अंगावर आल्यासारखा वाटतो. भरलेल्या हॉलमध्ये घुमारा दोन सेकंदांच्या आसपास, ऑर्केस्ट्रासाठी अगदी मापातला. लाकडी फरशीच्या खाली पोकळी आहे, छत वरच्या ट्रसना टांगलंय, नुसतं बसवलेलं नाही. आणि तिरफळ, तुम्ही ज्या सोनेरी बायका बघत बसता त्या, बाल्कन्या, खिडक्या, छतावरचे कोरीव चौकोन, हे सगळं आवाज फोडून पसरवतं. गुळगुळीत सपाट भिंत असती तर आवाज आरशासारखा परत आला असता.

गंमत म्हणजे तो हॉल उघडला ६ जानेवारी १८७० ला आणि घुमाऱ्याचं गणित मांडणारा सॅबिन अमेरिकेत त्या कामाला लागला १८९० च्या दशकात. म्हणजे हान्सनच्या हातात फॉर्म्युला वगैरे काही नव्हतं. मग नशीब का? थोडंफार नशीब असेलच, पण मला वाटतं तो आकार त्याला सवयीने सुचला, लांबट सभागृह आणि दोन्ही बाजूंना खांबांची रांग हे देवळाच्या प्लॅनवर वाढलेल्या माणसाच्या हातातून आपोआप उतरतं, आणि जुन्या वाद्यवृंदांच्या खोल्याही अशाच लांबट असायच्या. त्या बायका मात्र आधी आणखी पुढे, बाल्कनीला आधार दिल्यासारख्या उभ्या होत्या, त्यांच्यामुळे मागच्यांना दिसायचं नाही म्हणून १९११ मध्ये त्यांना भिंतीपाशी सरकवलं.

खुर्च्या साधारण १७०० आणि मागे ३०० लोक उभे. उभ्याचं तिकीट अगदी स्वस्त असतं. न्यू इयरच्या तिकिटांच्या नादी लागू नका, ती लॉटरीने देतात, पण मेमध्ये इतर कार्यक्रम असतात, उभ्याने तासभर ऐका आणि मान वर करून छत बघा, आयझेनमेंगरची अपोलो आणि कलादेवतांची चित्रं आहेत तिथे. संगीत कळत नाही म्हणता ना, हरकत नाही, त्या हॉलमध्ये बेसचा पहिला सूर लागतो तो पायांना कळतो.

तिरफळ

बापरे, एका दिवसात एवढं! धन्यवाद सगळ्यांना. साउंडचेक, १९११ ची सरकवासरकवी माहीत नव्हती, बाबांना सांगितलं तर ते म्हणाले कसल्या नतद्रष्ट माणसांना त्या बायकांची अडचण झाली.

पाऊणशहाणा, तुमचा मुद्दा पटतोय अर्धा. पण मग मला सांगा, डेन्मार्कनी ह्या माणसाला ठेवून का नाही घेतलं? तिथे काहीच का नाही बांधलं त्याने?

कोपनहेगडे

हा प्रश्न माझ्यासाठी सोडला होता वाटतं, इथे राहून रोज त्याच शहरात सायकल हाणतो.

थिओफिल जन्मला ते साल बघा, १८१३. त्याच वर्षी जानेवारीत डेन्मार्कचं सरकार अक्षरशः दिवाळखोर झालं. त्याआधी १८०७ मध्ये इंग्रजांनी कोपनहेगनवर तोफा डागून शहराचा मोठा भाग जाळला होता, पुढच्याच वर्षी, १८१४ मध्ये, नॉर्वे हातातून गेला. म्हणजे पोरगा वाढला तो हरलेल्या, खंगलेल्या देशात. बांधकामं होत होती पण जी मोठी कामं होती ती सगळी सी. एफ. हान्सनकडे (आडनाव तेच, नातं काही नाही, इथे हान्सन म्हणजे आपल्याकडचे पाटील-कुलकर्णी). राजवाडा त्याचा, कोर्ट त्याचं, कॅथेड्रल त्याचं. त्याची इमारत म्हणजे गंभीर, करडी, खांब जाड, भिंती मोठ्या आणि उघड्या. तरुणांना वाटायचं आता हे पुरे. १८३० च्या दशकात जो तो रोम, अथेन्सला पळत होता, आणि तिथे गेल्यावर सगळ्यांना एकच धक्का बसत होता की ही ग्रीक देवळं मुळात पांढरी नव्हती, रंगवलेली होती! निळा, लाल, सोनेरी.

ह्याच पळणाऱ्यांतला एक बिंडेसबोल. तो ग्रीसला जाऊन परत आला आणि त्याने इथे थोरवाल्डसेन नावाच्या शिल्पकाराचं म्युझियम बांधलं, १८४८ मध्ये उघडलं, पिवळ्याधमक भिंती, बाहेरच्या बाजूला शिल्पं मिरवणुकीने आणतानाचं चित्र आणि मधल्या अंगणात खुद्द शिल्पकाराची कबर. आज जाऊन बघा, पोरकट वाटेल इतकं रंगीत आहे. म्हणजे तीच अथेन्सची शिकवण, एकाने कोपनहेगनला आणली, दुसऱ्याने व्हिएन्नाला नेली.

आणि थोरला भाऊ ख्रिश्चन तर परतलाच की. त्याच्याकडे कोणी बघत नाही ह्याचं मला नेहमी वाईट वाटतं. अथेन्सच्या विद्यापीठाची इमारत त्याची, मग काही वर्षं त्रिएस्ते बंदरात जहाज कंपनीचं आर्सेनल (गोदी आणि कारखाना), आणि १८५० च्या दशकाच्या शेवटी कोपनहेगनला. १८५३ मध्ये इथे कॉलऱ्याने जवळपास पाच हजार माणसं मेली होती, शहर तटाच्या आत कोंबलेलं, सांडपाण्याची सोय नाही. त्यानंतर तटाबाहेर मोठं म्युनिसिपल हॉस्पिटल बांधायचं ठरलं आणि ते ख्रिश्चनने बांधलं, १८५९ ते ६३. दोन रंगांच्या विटांचे पट्टे, मध्ये घुमट, बायझंटाइन छाप. आता तिथे युनिव्हर्सिटीचे विभाग आहेत. शेजारीच वेधशाळा, तीही त्याचीच. गंमत बघा, धाकट्याची वेधशाळा अथेन्सला आणि थोरल्याची कोपनहेगनला. मला विचाराल तर त्या हॉस्पिटलात जे डोकं लावलंय, हवा, उजेड, लांब मोकळे व्हरांडे, ते पार्लमेंटच्या सगळ्या पुतळ्यांपेक्षा जास्त कामाचं होतं. असो, हे माझं मत, हान्सनप्रेमींनी रागावू नये.

धाकट्याला परत यायचं कारणच नव्हतं. इथे जेवढी कामं सगळ्यांना मिळून वाट्याला येत होती तेवढी त्याला एकट्याला व्हिएन्नात मिळत होती. आणि १८६३ मध्ये ग्रीसच्या गादीवरही डेन्मार्कचाच राजपुत्र बसला, जॉर्ज पहिला, तेव्हा अथेन्समध्येही त्याच्या नावाला कोणी परका म्हणणार नव्हतं.

ओसरी

कोपनहेगडे, मस्त! ख्रिश्चनचा कैवार घेतलात बरं वाटलं.

पाऊणशहाणाशी आता भांडतो. कपाटातल्या कपड्यांचा आरोप रिंगस्ट्रासेवरच्या इतरांना लागू पडेल, हान्सनला निम्माच लागतो. बायझंटाइन त्याने केलं कारण बायझंटाइन चर्चही ग्रीसमध्ये त्याने मापं घेऊन काढलेली होती, अथेन्सच्या गल्ल्यांत ती आहेतच. व्हिएन्नात फ्लाइशमार्क्टवर ग्रीक लोकांचं चर्च आहे, १८५८ चं, विटा आणि सोनं, ते ह्याचं, आणि पैसे कोणाचे तर जॉर्जचा मुलगा सिमोन सिना ह्याचे. बघा परत सिना! अथेन्सच्या अ‍ॅकॅडमीचे पैसेही ह्या सिमोनचेच. म्हणजे व्हिएन्नातला ग्रीक सावकार व्हिएन्नातल्या डेन्मार्कच्या माणसाला सांगतो की माझ्या मायदेशात देऊळ वाटावं अशी विद्येची इमारत बांध. ज्या पेन्टेली डोंगराचा संगमरवर पार्थेनॉनला लागला त्याच डोंगराचा इथेही, खांब अक्रोपोलिसवरच्या एरेक्थेऑन देवळावरून घेतलेले, आणि खांबांची डोकी, आतलं छत रंगवलेलं, सोनेरी. ही कॉपी म्हणाल तर एरेक्थेऑनच्या त्या खांबांमागे ना असं सभागृह होतं, ना दोन्ही बाजूंचे असे पंख, ना समोर सॉक्रेटिस-प्लेटो बसलेले. खांब घेतले, इमारत नवी मांडली.

आणि ह्यातली खरी गंमत तर पुढेच आहे. १८५९ ला कोनशिला, १८८५ ला इमारत पुरी, आणि अथेन्स अ‍ॅकॅडमी नावाची संस्था स्थापन झाली १९२६ मध्ये! चाळीस वर्षं इमारत तयार आणि आत बसायला अ‍ॅकॅडमीच नाही, मग कधी नाण्यांचं म्युझियम, कधी सरकारी दप्तर असं भरत राहिले. तिथली देखरेख हान्सनने त्याचा चेला अर्न्स्ट झिलर ह्याला दिली होती, तो तिकडेच राहिला आणि पुढे ट्रॉय खणणाऱ्या श्लीमानच्या बंगल्यापासून युवराजाच्या वाड्यापर्यंत निम्मं अथेन्स त्याने बांधलं. शेजारची नॅशनल लायब्ररी हान्सनच्या मृत्यूनंतर, १९०३ मध्ये उघडली. थोरल्याचं विद्यापीठ मध्ये, धाकट्याच्या दोन इमारती दोन बाजूंना.

पार्लमेंटबद्दल एक गोष्ट सांगतो ती तुमच्याच बाजूची आहे खरं तर. १८६५ च्या सुमाराला दोन सभागृहांच्या दोन वेगळ्या इमारती करायच्या होत्या आणि हान्सनने सुचवलं होतं की उमराव सभेची ग्रीक आणि लोकप्रतिनिधींची रोमन. म्हणजे वरच्यांना वरचं. मग १८६६ मध्ये ऑस्ट्रिया प्रशियाकडून हरला, पैसे नाहीत, प्लॅन गुंडाळला. १८६९ मध्ये परत काढला तेव्हा एकच इमारत ठरली, उजवीकडे-डावीकडे दोन सभागृहं आणि मध्ये दोघांना सारखाच असलेला खांबांचा दिवाणखाना. माझ्या मते हान्सनचं सगळ्यात थोर काम हा मधला हॉल. चोवीस खांब, प्रत्येक अखंड दगडाचा, तांबूस संगमरवर, एकेक सोळा टनांच्या आसपास. उमराव आणि निवडून आलेला मास्तर, दोघांनी त्याच दारातून, त्याच खांबांमधून जायचं. मतदानाचा हक्क अपुरा होता हे अगदी खरं, पण तो कायदा करणाऱ्यांचा दोष, खांबांचा नाही. आणि १२ नोव्हेंबर १९१८ ला ऑस्ट्रियाचं प्रजासत्ताक जाहीर झालं ते ह्याच इमारतीच्या रॅम्पवरून.

फर्निचर, दिवे, दारांच्या मुठी, सगळं तो स्वतः काढायचा. बाहेरूनही इमारत रंगीत करायचं त्याच्या मनात होतं, ते राहिलं.

पाऊणशहाणा

अथीनाबद्दल बोलला नाहीत, सोयीस्कर!

बाकी खांब सोळा टनांचे असोत, मी हार मानत नाही, पण उमराव ग्रीक आणि लोक रोमन हे भारी होतं, हे घेऊन ठेवलं. बाय द वे त्याला १८८४ मध्ये फ्रायहेर म्हणजे बॅरन केलं ना बादशहाने? लोकशाहीचं मंदिर बांधून गवंडी उमराव झाला.

ओसरी

झाला ना, सत्तरीत. तोवर तिथल्या कला अ‍ॅकॅडमीत प्राध्यापकी करून झाली होती, १८६८ पासून, आणि त्या अ‍ॅकॅडमीची इमारतही त्याचीच. अथीनाचा पुतळा १९०२ मधला, शिल्पकार कुंडमानचा, कल्पना हान्सनची, पण तो १८९१ च्या फेब्रुवारीतच गेला. पाठ वळवायचा दोष अर्धाच त्याचा.

तिरफळ

हाहा. आता दोन दिवसांचा रूट सांगा कोणीतरी, चालायची तयारी आहे.

ओसरी

पहिल्या दिवशी सकाळी पार्लमेंट. आधी ऑनलाइन बुकिंग करा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. २०२३ च्या जानेवारीत मोठी दुरुस्ती होऊन परत उघडलंय. दोन्ही सभागृहं बघायला मिळाली तर फरक बघा, लोकप्रतिनिधींचं जुनं सभागृह हान्सनचं तसंच आहे, उमरावांचं दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने गेलं आणि तिथे १९५० च्या दशकात साधंसुधं आधुनिक सभागृह केलं, नॅशनल काउन्सिल, म्हणजे आजचं लोकप्रतिनिधींचं सभागृह, आज तिथेच बसते. बाहेर पडलात की शेजारीच पाले एप्स्टाइन, बँकवाल्याचा वाडा, १८७१ चा, बांधकामावर तरुण ओटो वाग्नर होता. १८७३ च्या शेअर बाजाराच्या घसरणीत एप्स्टाइन बुडाला आणि वाडा गेला, १९४५ नंतर दहा वर्षं तिथे रशियन सैन्याचं ऑफिस होतं. मग रिंगने चालत युनिव्हर्सिटीपाशी पाले एफ्रुसी आणि तसंच पुढे शेअर बाजार, तांबड्या रंगाचा. आतला मोठा हॉल १९५६ च्या आगीत गेला, बाहेरून बघायचा.

ऑपेरासमोर उभे राहिलात तर जे साधं ऑफिससारखं दिसेल तिथे हान्सनचा हाइनरिखहोफ होता, विटांचा कारखानदार ड्राशे ह्याच्यासाठी बांधलेला. आत भाड्याची घरं आणि बाहेरून राजवाडा, मातीच्या भाजलेल्या मूर्ती थेट मालकाच्याच भट्टीतल्या. १९४५ च्या बॉम्बमध्ये जळला आणि १९५४ मध्ये पाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्सेनलमधलं लष्करी म्युझियम, ह्यासाठी तीन तास ठेवा कारण १९१४ मध्ये साराजेव्होमध्ये ऑस्ट्रियाचा वारस आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडवर गोळ्या झाडल्या ती गाडी तिथेच आहे. दुपारी फ्लाइशमार्क्टवरचं ग्रीक चर्च, ते उघडं असेल तर आत जा.

साउंडचेक

आणि संध्याकाळी म्युझिकफेराइन, उभ्याचं तिकीट. लवकर जाऊन पुढच्या कठड्याला जागा धरा, नाहीतर समोरच्याची टोपी बघत बसाल.

कोपनहेगडे

व्हिएन्नाहून कोपनहेगन विमानाने दोन तासांच्या आत आहे, एक दिवस वाढवता आला तर बघा. ख्रिश्चनच्या हॉस्पिटलच्या आवारात फिरता येतं, थोरवाल्डसेन म्युझियम सोमवारी बंद.